विद्यापीठातील जागा व त्यांची पात्रता



नांदगाव खंडेश्वर तालुक्यात पापळ नावाचे एक गाव आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबात २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेला मुलगा गावच्या शाळेतून पुढे अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात, तेथून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि १९२० साली विलायतेस गेला. एडिंबरो येथे एम.ए. झाला, वैदिक वाङ्मयातील धर्म ह्या विषयावर प्रबंध लिहून त्याने ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळविली, आणि बॅरिस्टर होऊन तो वऱ्हाडात परतला. डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचे हे चरित्र आपणांस नव्याने सांगावयास नको. त्याचा उल्लेख एवढ्याचसाठी केला की, त्या भागात कोणाच्याही घरी मुलगा अथवा मुलगी एम.ए., एम.एस्‌सी. झाली म्हणजे वडीलधारी मंडळी हाच दाखला देतात, आणि ‘आता विद्यापीठात लागून जा’ असा आशीर्वादवजा आदेशही देऊन टाकतात. दाखला थोर आहे ह्यात शंका नाही. परंतु विद्वत्ता आणि अध्यापकाची खुर्ची ह्यांच्या दरम्यान आज नियमांचे जे एक जाडजूड पुस्तक येऊन बसले आहे, ते पंजाबरावांच्या काळी नव्हते. हे पुस्तक घरातील मुलाने वाचलेले असते, वडिलांनी वाचलेले नसते, आणि पुष्कळशा घरांतील मनस्ताप ह्या एका तफावतीतून उत्पन्न होतो. म्हणून आजचे भाषण मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांसाठी अधिक आहे, असे समजावयास हरकत नाही.

नांदगावच्या माणसास दोन विद्यापीठे जवळची. एक अमरावतीचे. नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन ते १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात, आणि २००५ सालापासून ते संत गाडगे बाबांचे नाव धारण करीत आहे. दुसरे अकोल्याचे कृषी विद्यापीठ. त्याची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ ची, आणि नाव डॉ. पंजाबरावांचेच. ज्या दोन पुरुषांची नावे ह्या दोन विद्यापीठांच्या कमानींवर आहेत त्यांतील एकाजवळ ऑक्सफर्डची पदवी होती व दुसऱ्यास शाळेचे शिक्षण मिळालेच नव्हते. आज गाडगे बाबांना त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात शिपायाच्या जागेसाठीदेखील अर्ज भरता आला नसता, हा विचार मनात येऊन थोडे हसू येते आणि थोडे ओशाळल्यासारखेही होते. असो.

विद्यापीठातील नोकरी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अध्यापकाची नोकरी उभी राहते; तिचाच विचार प्रथम करू. विद्यापीठात अध्यापकांच्या पायऱ्या तीन: सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. नव्या उमेदवारास ह्यांतील पहिलीच पायरी खुली असते. वरच्या दोन पायऱ्यांवर सरळ भरती होते हे खरे, परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकास पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेले किमान सात शोधनिबंध व संशोधनाचे ७५ गुण लागतात. प्राध्यापकास दहा वर्षे, दहा निबंध व १२० गुण, शिवाय पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास मार्गदर्शन केल्याचा पुरावा. तेव्हा ‘विद्यापीठात एवढ्या जागा निघाल्या’ असा मथळा वर्तमानपत्रात वाचून आनंदित होण्यापूर्वी त्यांतील पहिल्या पायरीच्या किती, हे पाहिले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. आपल्या राज्यातील मोठ्या विद्यापीठांपैकी एक म्हणजे पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ. त्याने २०२४ च्या आरंभी अध्यापकांच्या १११ जागांसाठी अर्ज मागविले होते. आकडा ऐकावयास भरदार आहे. परंतु त्यांत प्राध्यापकांच्या जागा ३२, सहयोगी प्राध्यापकांच्या ३२ आणि सहायक प्राध्यापकांच्या ४७. म्हणजे नव्याने उभ्या राहणाऱ्या तरुणांसाठी अर्ध्याहूनही कमी. ह्या ४७ जागा अनेक विभागांत वाटलेल्या. आणि प्रत्येक जागा बिंदुनामावलीप्रमाणे कोणत्या तरी एका प्रवर्गाच्या नावावर लिहिलेली. इतिहासात पदव्युत्तर झालेल्या नांदगावच्या मुलाने ह्या १११ मधून आपल्या विषयाची, आपल्या पायरीची व आपल्यास खुली असलेली जागा शोधावयास घेतली तर त्याच्या हाती एक लागेल, किंवा एकही लागणार नाही. ह्यात बिंदुनामावलीचा दोष नाही. जागाच जेथे ओंजळभर आहेत तेथे त्या कोणत्याही न्यायाने वाटल्या तरी बहुतेकांचे हात रिकामेच राहावयाचे.

आता पहिल्या पायरीची पात्रता. संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी, तीत किमान शेकडा ५५ गुण, आणि नेट अथवा सेट ही परीक्षा उत्तीर्ण. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, उन्नत गटात न मोडणारे इतर मागासवर्गीय व दिव्यांग ह्यांना गुणांत शेकडा ५ ची सवलत आहे. ऐकावयास हे तीन शब्दांचे काम वाटते. परंतु ह्या तीन शब्दांतील प्रत्येकाशी पुष्कळांची गाठ पडते व पुष्कळ तेथेच थांबतात.

‘संबंधित विषयात’ हाच शब्द घ्या. अलीकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मोठी देखणी नावे असतात. अशा नावाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या मुलास पुढे जाहिरातीत त्या नावाची जागाच आढळत नाही. जागा असते ती वनस्पतिशास्त्राची, रसायनशास्त्राची, मराठीची, अर्थशास्त्राची. मग आपला विषय जाहिरातीतील विषयाशी संलग्न आहे की नाही, ह्याचा निर्णय छाननी समितीच्या मर्जीवर राहतो. प्रवेश घेतेवेळीच ज्या विषयात आपणांस शिकवावयाचे आहे त्या विषयाच्या गेल्या पाचसात वर्षांतील जाहिराती जर कोणी नजरेखालून घातल्या, तर हा प्रसंग टळू शकतो. ५५ ची अट तशीच कठोर. ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. छाननीच्या मेजावर बसणाऱ्याला तेथे दयामाया दाखविण्याचा अधिकार नसतो.

नेट आणि सेट ह्यांतील भेद पुष्कळ घरांत माहीत नसतो. नेट ही साऱ्या देशाची परीक्षा. ती १९८९ साली सुरू झाली आणि सामान्यतः वर्षातून दोन वेळा होते. सेट ही राज्याची परीक्षा. महाराष्ट्र व गोवा ह्या दोन राज्यांसाठी ती १९९५ सालापासून पुणे विद्यापीठ घेते. दोन्ही परीक्षांची ठेवण एकच: पहिली पत्रिका ५० प्रश्नांची व १०० गुणांची, अध्यापन व संशोधनाची सर्वसाधारण योग्यता अजमावणारी, दुसरी आपल्या विषयाची, १०० प्रश्नांची व २०० गुणांची. सेटची पत्रिका पुष्कळ विषयांत मराठीतूनही मिळते, ही वऱ्हाडातील विद्यार्थ्यास मोठी सोय आहे. परंतु २००२ च्या जूनपासून सेट उत्तीर्ण झालेल्यास त्या राज्याबाहेर अध्यापकपदासाठी ती चालत नाही. ज्यांची दृष्टी हैदराबाद, भोपाळ किंवा दिल्ली इकडे आहे त्यांनी नेटचाच रस्ता धरला पाहिजे.

आणि ह्या परीक्षांत ‘उत्तीर्ण’ ह्या शब्दाचा अर्थ शाळेतल्या अर्थाहून निराळा आहे. खुल्या प्रवर्गास शेकडा ४० व राखीव प्रवर्गांस शेकडा ३५ गुण मिळणे ही केवळ पहिली गोष्ट झाली. तेवढे गुण मिळविणाऱ्यांतूनही, दोन्ही पत्रिकांस बसलेल्यांच्या साधारण शेकडा ६ इतक्याच उमेदवारांस पात्र ठरविण्यात येते. म्हणजे मुलगा ‘नापास’ झाला असे म्हणून जेव्हा शेजारपाजारी हळहळतात, तेव्हा तो पुष्कळदा चांगले गुण मिळवूनही शंभरांतील चौऱ्याण्णवांत राहिलेला असतो. घरच्या माणसांनी त्याच्याशी बोलताना एवढे ध्यानात ठेविले तरी पुरे. २०२४ च्या जूनपासून नेटच्या निकालात तीन वर्ग झाले आहेत, हेही येथेच सांगतो. त्यांतील शेवटचा वर्ग केवळ पीएच.डी.च्या प्रवेशापुरता आहे. त्या वर्गात नाव आलेल्याने आपण अध्यापकपदास पात्र झालो असे समजू नये.

ह्यापुढचा भाग मला अधिक गंभीर वाटतो. पात्रतेचे नियम हे दगडावर कोरलेले नसतात. मुलगा वाटेत असतानाच ते बदलतात. आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी असे ठरविले की, विद्यापीठाच्या विभागांत सहायक प्राध्यापक होण्यास १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. आवश्यक राहील. मग महामारी आली, प्रयोगशाळा व ग्रंथालये बंद पडली, आणि ती मुदत १ जुलै २०२३ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. मुदत संपण्याच्या सुमारास तो नियमच मागे घेण्यात आला: १ जुलै २०२३ पासून नेट अथवा सेट ही किमान पात्रता व पीएच.डी. ऐच्छिक, असे जाहीर झाले. ह्या पाच वर्षांत ज्या तरुणांनी ‘आता पीएच.डी. वाचून गती नाही’ म्हणून लग्न लांबणीवर टाकले, वडिलांच्या कापसाच्या पैशातून पुणे-नागपूरची खोली भाड्याने घेतली व प्रबंध लिहिला, त्यांच्या श्रमाचे मोल कमी झाले असे मी म्हणणार नाही; पीएच.डी.स आजही वजन आहे, ते कसे हे पुढे सांगतो. परंतु नियम करणाऱ्याच्या एका ओळीने एखाद्या घराची पाच वर्षे कशी वळविली जातात, हे त्यांनी अनुभवले. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने पुन्हा नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. म्हणून थोरल्या भावाच्या वेळची माहिती धाकट्या बहिणीच्या उपयोगी पडेल असे गृहीत धरू नये. ज्या दिवशी जाहिरात निघते त्या दिवशी लागू असलेला नियम वाचावा, आणि जाहिरातीतील अंतिम दिनांकास पात्रता हाती असली पाहिजे हे विसरू नये. ‘निकाल लागावयाचा आहे’ हे उत्तर छाननीत चालत नाही.

नियमाच्या अशा बदलाचे मोल कोणी किती दिले ह्याचा इतिहास आपल्या राज्यात जुना आहे. १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी नेट-सेटची अट आली. परंतु तेवढे उत्तीर्ण उमेदवार तेव्हा मिळतच नव्हते. महाराष्ट्राची सेट तर चार वर्षांनंतर सुरू झाली. महाविद्यालये चालवावयाची होती म्हणून त्या अटीवाचून हजारो अध्यापक नेमले गेले, आणि त्यांच्या सेवेचे काय, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे न्यायालयांत व आंदोलनांत घोळत राहिला. २०१३ साली राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर जो दीर्घ बहिष्कार घातला, त्याच्या कारणांत हा प्रश्नही होता.

आता ‘पात्र’ आणि ‘निवडीस योग्य’ ह्यांतील अंतर पाहू, कारण सर्वांत अधिक गैरसमज येथे आहे. जाहिरातीत लिहिलेली पात्रता किमान असते. अर्ज शेकड्यांनी येतात आणि मुलाखतीस थोडेच बोलवावयाचे असतात. ते कोणी, हे ठरविण्यासाठी २०१८ च्या नियमांत विद्यापीठ विभागांकरिता १०० गुणांचे एक कोष्टक दिले आहे. पदवी परीक्षेस अधिकात अधिक १५ गुण, पदव्युत्तर परीक्षेस २५, पीएच.डी.स ३०, नेटला ५ व सेटला ३, आणि शिष्यवृत्तीसह नेट असल्यास ७. प्रत्येक शोधनिबंधास २ ह्याप्रमाणे १० पर्यंत, अनुभवाच्या प्रत्येक वर्षास २ ह्याप्रमाणे १० पर्यंत, व पुरस्कारांस ३. महाविद्यालयांसाठी कोष्टक निराळे आहे. त्यात मी शिरत नाही.

दोन कल्पित उमेदवार घेऊ. पहिला बी.ए.ला शेकडा ६२ व एम.ए.ला शेकडा ५८ गुण मिळवून सेट उत्तीर्ण झालेला. त्याच्या खात्यावर १३, २० व ३, म्हणजे एकूण ३६ गुण जमतात. दुसऱ्याला पदवीस शेकडा ६५, पदव्युत्तरला शेकडा ७०. नेट आहे, पीएच.डी. आहे, पाच निबंध आहेत व दोन वर्षांचा मान्य अनुभव आहे. त्याचे १३, २३, ५, ३०, १० व ४ मिळून ८५ गुण होतात. जाहिरातीच्या भाषेत हे दोघेही पात्र. दोघांनीही शुल्क भरले. दोघांच्याही घरी पत्राची वाट पाहिली जाते. परंतु एकाला बोलावणे येते आणि दुसऱ्याला येत नाही, व त्याचे वडील म्हणतात, ‘वशिला लागतो.’ वशिला कधीच लागत नाही असे प्रतिज्ञेवर सांगण्याइतका भाबडेपणा माझ्यात नाही. मात्र वशिल्याचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच ३६ आणि ८५ ह्यांतील फरकाने पुष्कळांची वाट संपलेली असते, हे त्या वडिलांस कोणी सांगितलेले नसते. पीएच.डी. ऐच्छिक झाली म्हणजे तिची गरज संपली असे समजणाऱ्यांनीही ह्या कोष्टकातील ३० चा आकडा पाहावा. २०१८ च्या नियमांत हे गुण फक्त बोलावण्यापुरते आहेत व निवड मुलाखतीवर ठेविली आहे. महाराष्ट्रात मुलाखतीस किती वजन द्यावे ह्याविषयी नंतर निराळे निर्णय झाले आहेत, तेव्हा ज्या त्या जाहिरातीसोबतची निवडपद्धती पाहून घ्यावी.

शोधनिबंधास गुण ठेविले, त्याचा एक अनिष्ट परिणाम झाला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातील छत्र्यांसारखी उगवली. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाने मान्य नियतकालिकांची एक सूची ठेविली होती. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली, व नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर आहे. आठ दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यास दोनतीन हजार रुपये देण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपल्या मार्गदर्शकास विचारावे. असे निबंध छाननीत बाद होतात तेव्हा गुण जातातच, नावही जाते.

अनुभवाचा प्रश्न ह्याहून दुःखद आहे. जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत; पण वर्ग तर भरतात. ते कोणी शिकवावयाचे? तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांनी. जितके तास शिकवावे तितके मानधन. सुटीत काही नाही, आणि पुढल्या वर्षी पुन्हा नवी नेमणूक. नियमित सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन आरंभी दरमहा ५७,७०० रुपये, भत्ते निराळे. त्याच वर्गात, तीच पुस्तके, तोच अभ्यासक्रम शिकविणारा दुसरा मनुष्य बस-भाडे वजा जाता घरी काय नेतो, हे विचारण्याचे धैर्य आपण करीत नाही. आणि नियम असा आहे की, तात्पुरत्या सेवेत एकूण वेतन नियमित अध्यापकाहून कमी असेल तर ती सेवा पुढे वरच्या पदासाठी धरली जात नाही. ज्यास कमी वेतन दिले त्याचा अनुभव, वेतन कमी होते म्हणून अनुभव नव्हे! माझ्या मते आपल्या उच्चशिक्षणातील हा सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो करणारे कोणी परके लोक नाहीत. ज्या घरात मुलगा किंवा सून तासिकेवर जाते त्या घराने तीन-चार वर्षांची मर्यादा मनाशी आधीच ठरवावी. वयाच्या चाळिशीपर्यंत ‘पुढच्या वर्षी जागा निघेल’ ह्या आशेवर राहिलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत; त्यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच हे बोलतो.

अध्यापनाखेरीज विद्यापीठ हे एक लहानसे गावच असते. त्यास कुलसचिव लागतो, परीक्षा व मूल्यमापनाचा संचालक लागतो, लेखाधिकारी, ग्रंथपाल, अभियंता, अधीक्षक, लघुलेखक, प्रयोगशाळा सहायक, लिपिक, माळी आणि पहारेकरी लागतात. सहायक कुलसचिवाच्या पदास पदव्युत्तर पदवी व शेकडा ५५ गुण मागतात, आणि नेट-सेट मागत नाहीत. ही वाट पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. लिपिकाच्या जागेस सामान्यतः पदवी, मराठी टंकलेखनाचा मिनिटास ३० शब्दांचा अथवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग व संगणकाचे प्रमाणपत्र लागते. टंकलेखनाची परीक्षा दहावीनंतर केव्हाही देता येते, तिला खर्च थोडा, आणि ती कधी जुनी होत नाही. एम.ए. झालेल्या मुलास टंकलेखन शीक म्हटले तर त्यास तो अपमान वाटतो. परंतु ज्या वर्षी जाहिरात निघते त्या वर्षी शिकू म्हणून ते होत नाही.

आणि आता अकोल्याकडे वळतो. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये चतुर्थ श्रेणीच्या ५२९ जागांसाठी अर्ज मागविले. त्यांत सर्वांत अधिक, म्हणजे ३४४ जागा मजुरांच्या होत्या. परिचर ८०, चौकीदार ५०, प्रयोगशाळा परिचर ३९, माळी ८, ग्रंथालय परिचर ५, झडपा उघडणारे-मिटणारे २ व मत्स्य सहायक १. मजुराच्या जागेस शिक्षणाची अट चौथी उत्तीर्ण, चौकीदाराच्या जागेस सातवी. वेतनश्रेणी १५,००० ते ४७,६०० रुपये. पुण्याच्या त्या ४७ जागा आणि अकोल्याच्या ह्या ३४४ जागा शेजारी ठेवून पाहा. ज्या तालुक्यात कापूस, तूर आणि सोयाबीन ह्यांच्या भावावर घर चालते, तेथील कुटुंबास दरमहा निश्चित येणाऱ्या पगाराचे केवढे अप्रूप वाटते, हे शहरातील श्रोत्यांस कळावयाचे नाही. म्हणून चौथी उत्तीर्णाच्या जागेस पदवीधर अर्ज करतात. त्यात त्यांची मानहानी आहे असे मला वाटत नाही. शेतातले काम त्यांना नवे नाही. प्रश्न निराळा आहे. लेखी परीक्षेत चौथी शिकलेला खरा मजूर, ज्याने उभे आयुष्य औताच्या मागे घालविले, तो पदवीधराशी कशी बरोबरी करणार? ज्या जागेची अट त्याच्यासाठी खाली ठेविली ती जागा त्याच्या हातून जाते, आणि विद्यापीठात ज्याला शिकवावयाचे होते तो तेथे खुरपणी करतो. पात्रता किमान किती असावी हे सरकार ठरविते. अधिकात अधिक किती असावी हे दुष्काळ आणि बेकारी ठरविते.

राहता राहिली कागदपत्रे. विषय रुक्ष आहे, परंतु छाननीत अर्ज बाद होण्याची कारणे पुष्कळदा विद्वत्तेशी संबंध नसलेली असतात. जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र मिळविण्यास वेळ लागतो. ते जाहिरातीपूर्वीच करून ठेवावे. उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्रास मुदत असते, आणि ती संपली की नाही हे अर्ज भरण्याच्या दिवशी पाहून उपयोग नाही. जो आधीच कोठे नोकरीत आहे त्याने वरिष्ठांचे ना-हरकत पत्र मागावे, आणि ते देण्यास वरिष्ठ टाळाटाळ करतील हे धरून महिनाभर आधी मागावे. अनुभवाच्या दाखल्यावर नेमणुकीचा दिनांक, वेतन व विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र ह्यांचा उल्लेख आहे ना, हे पाहावे. ‘ह्यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्याच मजकुराच्या दाखल्याने काही सिद्ध होत नाही.

मुलींच्या बाबतीत एक अडचण खास आपल्याकडची आहे. गुणपत्रिकांवर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, जातीचा दाखला वडिलांच्या नावावरून, आणि सेटचे प्रमाणपत्र लग्न परीक्षेच्या आधी झाले की नंतर त्याप्रमाणे दोहोंपैकी कोणते तरी. छाननी करणारा कारकून ह्या दोन नावांच्या दोन बाया धरतो. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, आणि नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत, एवढे दोन कागद अर्जास जोडले म्हणजे त्या दोन बायांची एक होते. नांदगावास लग्ने वैशाखात होतात व नोंदणी राहून जाते. ज्या घरी सून शिकलेली आहे त्या घराने हे काम लग्नाच्या धामधुमीतून मोकळे होताच ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत जाऊन उरकून घ्यावे, आणि त्या प्रमाणपत्राच्या चार प्रती तिच्या पदव्यांबरोबर एकाच पिशवीत ठेवाव्यात.